बेगमीचा दिवस

पहाटे ४

"वरचं पाणी सगळं ओतलंस ना? थेंबभर राहिलं तरी कुरडई लाल पडते." सासूबाई चुलीत काटक्या सारता सारता विचारतात. मी पातेलं तिरकं धरून शेवटची पिवळसर धार मोरीत सोडते. खाली पांढराशुभ्र चीक बसलाय, इतका घट्ट की डाव उभा रोवला तर पडत नाही. गहू तीन दिवस भिजत होता, रोज पाणी बदललं, काल दुपारी वाटून, पिळून, फडक्यातून गाळून ठेवला. आंबूस वास घरभर आहे. चैत्रात आमच्याकडे कोणी पाहुणा आला तर त्या वासावरूनच ओळखतो की उद्या पहाटे आपल्याला झोप नाही.

गोबरगॅस आहे, सिलिंडरही आहे, पण कुरडईचा चीक चुलीवरच शिजतो. एवढ्या मोठ्या पातेल्याला खालून चहूबाजूंनी सारखा जाळ लागतो, आणि तो कमी-जास्त करायला लाकूड ओढून घेण्याइतकं सोपं दुसरं काही नाही. सरपण म्हणजे शेजारच्या बागेतल्या द्राक्षाच्या काड्या. एप्रिलची खरड छाटणी सुरू झाली की बागाईतदार त्या बांधावर टाकतात आणि आम्ही मोळ्या बांधून आणतो.

माप जेवढा चीक तेवढंच पाणी. आधणात मीठ आणि हिंग. मग एकीनं चिकाची धार सोडायची आणि दुसरीनं हाटायचं. हाटणारीनं थांबायचं नाही, कपाळावरचा घामही पुसायचा नाही. गाठ झाली की ती सोऱ्याच्या भोकात अडकते आणि कुरडईचा तार तुटतो. आधी पांढरा असलेला चीक हळूहळू काचेसारखा होऊ लागतो. दांडा जड जातो, मनगट भरून येतं. सासूबाई बोट पाण्यात बुडवून चिकाला लावतात. चिकटला नाही. "झालं. झाक आता, वाफ बसू दे."

साडेपाच

गोठा. दोन डांगी गाई आणि एक कालवड. डांगी जात आमच्या बाजूचीच, इगतपुरी, पेठ, त्र्यंबक, अकोले या पावसाच्या पट्ट्यातली. कातडी तेलकट असते, त्यामुळे मुसळधार पावसातही ही गुरं भात खाचरात उभी राहू शकतात. दूध मात्र बेताचं. जास्त दुधाच्या आशेनं कोणी डांगी पाळू नये. आम्ही पाळतो ती शेणासाठी, हे ऐकून शहरातले पाहुणे हसतात.

एक घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. त्यावर सकाळचा चहा, दोन वेळची भाजी आणि वरण होतं. भाकरीला पुरत नाही. थंडीत तर गॅस मंदच असतो, पण या दिवसांत उन्हानं टाकी तापते आणि शेगडी चांगली चालते. बाहेर पडणारी रबडी सरीनं सोडून शेवग्याला आणि केळीला दिली की वेगळं खत द्यावं लागत नाही.

सहा

बायका आल्या. सावडीचं काम आहे हे, मजुरीचं नाही. आज आमच्याकडे, परवा जाऊबाईंकडे, रामनवमीनंतर कॉलनीतल्या ताईंच्या गच्चीवर. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेली निम्मी माणसं खानदेशातली, त्यामुळे इथल्या गच्च्यांवर चैत्रात कुरडयांच्या शेजारी ज्वारीच्या बिबड्याही वाळत असतात. ताईंना यंदा घाई आहे, त्यांच्या घरचे पायी वणीच्या गडावर जायचे आहेत. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीचा उत्सव चालतो, तोवर त्यांच्याकडचं वाळवण उरकलं पाहिजे.

चीक गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. हाताला चटका बसतो म्हणून पाण्याचं भांडं शेजारी. अंगणात जुनी नऊवारी पसरली आहे, तिच्यावर गोल गोल जाळी पडत जाते. नवख्या मुलीची कुरडई घट्ट गाठोडं होते, सासूबाईंची विरळ, मोकळी. तेलात टाकल्यावर फुलायला जागा हवी ना. माझी लेक दोनच्या वर घालत नाही, तिचं लक्ष पातेल्याच्या तळाशी. गरम चीक, वर तेलाची धार आणि चिमूटभर तिखट. हे खायला मिळावं म्हणून तर पोरं पहाटे उठतात.

गाळून उरलेला गव्हाचा चोथा टाकायचा नाही. त्यात तिखट, मीठ, तीळ आणि जिरं घालून भुसवड्या थापतात. त्यातूनही उरला तर गाईला.

पावणेसातला कारखान्याचा भोंगा होतो. नवरा डबा घेऊन निघतो. त्याची पहिली पाळी.

इथे एक सांगून टाकते. आमच्या घराबद्दल बाहेरचे लोक "तुम्ही म्हणजे अगदी स्वयंपूर्ण" असं बोलतात, तेव्हा त्यांना हा भोंगा ऐकू येत नसावा. राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि सातपूरची वसाहत त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींतली. सातपूर आणि आसपासच्या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. आमच्या आजेसासऱ्यांचीही गेली. उरले ते हे दोन एकर. पुढे १९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली आणि शिवार शहराच्या हद्दीत आलं. शेतानं खायला घालायचं आणि कारखान्यानं फी, औषध, वीजबिल भरायचं, अशी इथल्या बऱ्याच घरांची वाटणी आहे. यात लपवण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही.

आठ

उन्हाळ कांदा. आबा, म्हणजे माझे सासरे, साडेसहापासूनच वावरात आहेत. कांद्याच्या माना पडल्या, म्हणजे पात आपोआप आडवी झाली, की पाणी तोडायचं आणि मग उपटायला घ्यायचं. मान उभी असताना उपटलेला कांदा चाळीत टिकत नाही.

उपटलेले कांदे ओळीनं मांडताना एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल अशी पसरायची. तीन दिवस असेच वाळू द्यायचे. पात सुकते तसा तिच्यातला रस कांद्यात उतरतो असं आबा म्हणतात. ते काही असो, उघड्या कांद्यावर चैत्राचं ऊन बसलं की तो एका अंगानं भाजतो आणि महिन्याभरात तिथेच सडतो, हे कोणीही बघू शकतं. परवा उपटलेल्या ओळी आज कापायच्या. विळ्यानं पात कापताना इंचभर मान ठेवायची. अगदी बुडाशी कापलं की तोंड उघडं पडतं आणि बुरशीला वाट मिळते.

कापता कापताच निवड होते. जोडकांदे वेगळे, डेंगळे वेगळे, गोल्टी वेगळी. डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा आलेले. त्यांच्या पोटात पोकळ नळी असते, ते आधी खाऊन संपवायचे. गोल्टी म्हणजे बारका कांदा, तो लोणच्याला आणि वाटावाटीला. चांगला, घट्ट, लाल सालीचा कांदा तेवढा पंधरा-वीस दिवस सावलीत राहून चाळीत जाणार. आमची चाळ लहान आहे, बांबूची. जमिनीपासून दोन फूट उंच, खालून आणि बाजूंनी वारा खेळेल अशी. रास पाच फुटांच्या वर न्यायची नाही, खालचे दबतात. असा कांदा दिवाळीच्या आसपासपर्यंत जातो.

"यंदा लासलगावला काय निघाला?" मी विचारते.

"आपल्याला काय करायचंय?" आबा विळा न थांबवता म्हणतात. तरी भाव त्यांना तोंडपाठ असतो. आमचा जास्तीचा कांदा बाजारात फार थोडा जातो. बाकीचा माझ्या माहेरी, त्र्यंबकच्या अंगाला, आणि तिकडून भात नि नागली येते. आमच्या जमिनीत भात नीट होत नाही, त्यांच्याकडे कांदा टिकत नाही. या व्यवहाराची कुठे नोंद नाही. वजनही कोणी काटेकोर करत नाही, पण एखाद्या साली कोणाकडून कमी आलं तर ते दोन्ही घरांना बरोबर कळतं.

साडेदहा

गहू दोन दिवस उन्हात आहे, आज तिसरा. दोन वाण लावले होते, दोन्ही निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे. पोळीला 'त्र्यंबक', आणि शेवया-रव्याला बन्सी जातीचा 'गोदावरी'. आबांना या नावांचं कौतुक आहे. गोदावरीच्या काठी गोदावरी पेरतो म्हणतात.

वाळला की नाही हे दातानं ठरतं. दाणा दाढेखाली धरला आणि कट्ट आवाज आला तर भरायला तयार. चावताना वाकला, चपटा झाला, तर अजून एक ऊन. वाळलेला गहू मात्र गरम गरम कोठीत भरायचा नाही. संध्याकाळी गोळा करून रात्रभर निववायचा आणि मग भरायचा, नाहीतर आत घाम धरतो. कडुनिंबाचा पालाही सावलीत कडकडीत वाळवून घालायचा. हिरवा पाला घातला तर कीड मरायची राहिली बाजूला, बुरसा धरतो. थोड्या गव्हाला एरंडेलाचा हात लावून ठेवतो, पावसाळ्यात आधी तो काढायचा. मुगाला आणि मठाला राख.

वाळवणावर वरून दुसरी सुती साडी घालावी लागते. सगळं वाऱ्याच्या दिशेवर आहे. पश्चिमेचा वारा असला तर काही नाही, उलटा फिरला की बारीक काळी पूड येऊन बसते. कुठून येते ते सगळ्यांना माहीत आहे. तक्रार करून झाली. सध्या उपाय साडीचा.

साडेअकरा

आता खरं जड काम, नाडेपचा हौद रिकामा करणं.

पुसदचे गांधीवादी शेतकरी नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा विटांचा हौद, आणि भिंतींत जागोजाग मुद्दाम ठेवलेली भोकं. गवंड्याला ही भोकं आधी पटत नाहीत. आमच्या गवंड्यानं तर विचारलं होतं, "ताई, पाणी गळंल की." पाण्यासाठी हौद नाहीच तो. भोकांतून हवा आत जाते, कुजण्याचं काम हवेशीर चालतं, घाण वास सुटत नाही आणि माशाही होत नाहीत.

खरी गंमत मापात आहे. अख्ख्या हौदाला पालापाचोळा, काड, धसकटं असं मिळून चौदाशे-पंधराशे किलो लागतं, चाळलेली माती सतराशे किलोच्या आसपास, आणि शेण फक्त नव्वद-शंभर किलो. उकिरड्यावर शेणाचे ढीगच्या ढीग घालून वर्षानं जे अर्धंकच्चं खत मिळतं, त्यापेक्षा कितीतरी जास्त आणि चांगलं खत एवढ्याशा शेणात निघतं. कमी गुरं असलेल्या शेतकऱ्यासाठी महाराष्ट्रात याहून कामाची गोष्ट कोणी केली असेल असं मला वाटत नाही. आणि तरी बांधाबांधावर पाचट आणि काड जाळणं चालूच असतं. गव्हाचं काड पेटवून दिलेलं दिसलं की मला राग आवरत नाही. जाळणाऱ्याच्या तोंडावर बोलून मी दोन घरांशी बोलणं तोडून बसले आहे.

थर असे: आधी सहा इंच पाचोळा, वर शेणकाल्याचा सडा, वर माती, पुन्हा पाचोळा. हौदाच्या वर दीड फूट झोपडीसारखा उतार करून शेणमातीनं लिंपून टाकायचं. काही आठवड्यांत ते खाली बसतं, मग पुन्हा भरून पुन्हा लिंपायचं. भेगा पडल्या की सारवायच्या, भोकांतून अधूनमधून पाणी शिंपायचं. साडेतीन-चार महिन्यांत खत तयार. दिवाळीनंतर भरलेला हौद आज उघडतोय. वरची पापुद्र्यासारखी खपली काढली आणि आत हात घातला तर काळंभोर, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा वास. काडीचा मागमूस नाही. एक गांडूळ सरसर आत पळालं.

चाळून घेतलेलं खत नांगरलेल्या पट्टीवर नाही टाकायचं, एवढ्यात तर अजिबात नाही. गव्हाचं वावर नांगरून पडलंय, त्याची ढेकळं वैशाखभर तापली पाहिजेत. किडींचे कोष, अंडी आणि हरळीच्या काशा वर येतात, उन्हानं मरतात, काही बगळे-साळुंक्या टिपतात. तापल्या रानात खत पसरलं तर ऊन त्याचाही जीव काढतं. म्हणून खत आंब्याच्या सावलीत ढीग करून, ओल्या पोत्यानं झाकून ठेवायचं. मृगाच्या तोंडाशी मातीत मिसळायचं. रिकाम्या हौदात संध्याकाळी लगेच पहिला थर पडेल. कांद्याची पात, गव्हाचं काड, शेवग्याची छाटणी, सगळं तयार आहे. या दिवसांत पाचोळ्याला तोटा नसतो.

एक

जेवण. ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, डेंगळ्या कांद्याची चटणी, कैरीची डाळ, ताक.

लेकीला शाळेत प्रकल्प आहे: "आपल्या ताटातले पदार्थ कुठून येतात?" ती एकेक विचारते आणि वहीत लिहिते. शेवगा घरचा. तूर घरची, ती भिजवून, लाल माती लावून, वाळवून जात्यावर भरडली, ते काम माघातच झालं. हरभरा घरचा. कैरी बांधावरची. ताक गाईचं. तेल? शेंगा घरच्या, पण घाणा दुसऱ्याचा. ज्वारी विकतची. मीठ विकतचं. मिरची नंदुरबारची, दरवर्षी ताईंचे भाऊ पोतं आणतात आणि आम्ही मसाला एकत्र कांडून घेतो. गूळ विकतचा. चहा-साखर विकतची. हिंग तर परदेशातून येतो हे तिला मी सांगते आणि ती ते अधोरेखित करते.

आबांच्या कपाटात श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' आहे, वाचून वाचून पानं सुटलेलं. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' त्यांनी उभा केला, तासगावच्या द्राक्षबागाईतदारांनी त्यांच्या पद्धतीनं प्रयोग करून पाहिले. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, असं त्यांचं मांडणं. किती पानांवर किती ऊन पडतं, त्याचं किती अन्न होतं, असा त्यांचा हिशेब. आबांनी एका कोपऱ्यात दहा गुंठे तसे आखले होते. भाजी भरपूर निघाली, फळं निघाली. जे निघालं नाही ते म्हणजे वेळ. दहा गुंठ्यांना एक माणूस दिवसभर चिकटून हवा, आणि तो माणूस घरात बहुतेक वेळा बाईच असते. दाभोळकरांचा हिशेब चुकीचा नाही, उलट मला तो पटतो. ऊन, पाणी, पान या तिन्हींची नोंद त्यांनी केली, कमरेची आपण करायची.

दोन

झोप. या वेळी वावरात फक्त टिटवी ओरडते.

साडेतीन

चिंच. झाड एकच आहे, पण जुनं. चिंचा झोडून, टरफलं काढून, चार दिवस वाळवून झाल्या. आता दगडावर ठेवून लाकडी बत्त्यानं हलकेच ठोकायची म्हणजे चिंचोका सुटून बाहेर येतो. जोरात मारलं तर चिंचोका फुटतो आणि चिंचेला कडवट चव येते. शिरा ओढून काढायच्या, मीठ लावून गोळे वळायचे, मातीच्या मडक्यात दाबून भरायचे. नवी चिंच लालसर असते, वर्षानं काळी पडते. सासूबाई काळीच वापरतात, नवीला चव नाही म्हणतात, म्हणून आमच्याकडे नेहमी दोन मडकी.

चिंच फोडताना बोलणं चांगलं होतं. जाऊबाईंच्या मुलीचं लग्न, कोणाच्या सुनेची बाळंतपणाची तारीख, पाडव्याला सातपूर गावात बारागाड्या ओढल्या तेव्हाची गर्दी. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवावीत की नाही यावर दोन मतं. सासूबाई म्हणतात चैत्रात ठेवू नयेत, उन्हानं अर्धी वाया जातात. जाऊबाई म्हणतात टोपलीखाली ओली वाळू घातली तर निघतात. शेवटी पाच ठेवायची असं ठरलं. एकवीस दिवसांनी कोण जिंकलं ते कळेल.

साडेचार

जमिनीचा एजंट आला. मोटारसायकल बांधावर लावून, चप्पल काढून, अगदी अदबीनं. २०२७ चा सिंहस्थ जसजसा जवळ येतो तसतशा त्र्यंबक रस्त्याच्या या फेऱ्या वाढल्यात.

"आबा, सगळी नका देऊ. दहा गुंठे द्या. रस्त्यालगतचे."

"बसा. पन्हं घ्या."

"भाव ऐकून तर घ्या."

"पन्हं घ्या आधी. कैरी घरची आहे."

पन्हं पिऊन झालं. भाव ऐकून झाला. तो आकडा माझ्या नवऱ्याच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढा होता, हे आमच्यापैकी प्रत्येकानं मनात मोजलं आणि कोणी बोललं नाही. आबा उठून कांद्याकडे गेले. एजंट सज्जन माणूस आहे. जाताना त्यानं शेवग्याच्या दोन शेंगा मागून नेल्या. माझा दीर मात्र रात्री जेवताना हा विषय काढणार, हे मला माहीत आहे. त्याच्या मुलाला पुण्याला शिकायला पाठवायचंय. जमीन राखणं हे सोपं, स्वच्छ तत्त्व आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी एकत्र कुटुंबात जेवायला बसावं.

साडेपाच

"ढग बघ गं!" सासूबाई.

त्र्यंबकच्या अंगाला, अंजनेरीच्या डोक्यावर काळं झालंय. वारा उलटा फिरला. सगळ्या धावल्या. कुरडया वरून वाळल्यात पण खालची बाजू अजून ओलसर. साडीसकट उचलून पडवीत आणल्या. गहू फावड्यानं ओढून गोणीत. वाळत घातलेले उडदाचे पापड कोणी उचलले? लेकीनं, न सांगता. कांद्यावर ताडपत्री, चारी कोपऱ्यांना दगड.

नाशिकचा शेतकरी मार्चपासून मे सरेपर्यंत आभाळाला पाठ दाखवून बसत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली तेव्हा काढणीला आलेली द्राक्षं, उभा गहू, कांदा, सगळं झोडपून निघालं. तेव्हापासून आमच्या घरी ताडपत्र्या घडी घालून दाराशीच असतात. वळीव हवाहवासा असतो, रान तापल्यावर पडलेला वळीव नांगरटीला सोन्याचा. पण तो वाळवण घालायच्या दिवशी नको.

आज नुसताच गडगडला. चार थेंब, मातीचा वास, संपलं. कुरडया पडवीतच उलटल्या. उद्या पुन्हा बाहेर.

सात

नवरा दुपारीच आला होता, झोप काढून विहिरीवर गेला. या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्री आहे. विहिरीला पाणी कमी झालंय, मोटर तासाभरात हवा ओढू लागते. मग थांबायचं, झरा भरू द्यायचा, पुन्हा सुरू. भाजीपट्टीला ठिबक, केळीच्या बुडाशी काडाचं आच्छादन. गेल्या उन्हाळ्यात आच्छादन नसताना दिवसाआड पाणी लागायचं, आता चौथ्या दिवशी चालतं. पुढच्या आठवड्यात विहिरीतला गाळ काढायचा आहे, त्यासाठी चार माणसं हवीत. बांधावर आंबे-फणसासाठी तीन-तीन फुटांचे खड्डेही आताच घेऊन ठेवायचे, म्हणजे वैशाखाचं ऊन त्यांच्या पोटात बसतं. गोठ्याची कौलंही फेरायची राहिलीत.

नऊ

दिरांनी विषय काढला. आबा "बघू" म्हणाले. झालं.

आता बियांचं काम. भाज्यांचं बी आमच्याकडे विकत येत नाही. गावरान वाल, घेवडा, दोडका, गिलकं, काशीफळ, लाल माठ, देशी भेंडी. यातलं काही अकोले तालुक्यातून आलेलं. तिथे कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईंनी वाणावाणाचं बी नुसतं डोक्यात आणि मडक्यात सांभाळलं. आमचं काम त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण रीत तीच. वेलावर शेवटपर्यंत वाळलेलं फळ, पहिल्या तोड्याचंही नको आणि शेवटच्या तोड्याचंही नको, मधल्या तोड्याचं. बी राखेत घोळून, कापडात बांधून, मडक्यात. मक्याची कणसं चुलीच्या वर आढ्याला टांगलेली. धुरानं काळी झाली की त्यांना कीड लागत नाही. सासूबाई प्रत्येक पुरचुंडीवर खडूनं खूण करतात. वाचता येत नाही त्यांना, पण खूण चुकत नाही. मी शेजारी वहीत नाव आणि महिना लिहिते.

यंदा वाल, दोडका आणि लाल माठाचं बी गरजेपेक्षा जास्त आहे. सातपूर, पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी या बाजूला कोणाला हवं असेल तर मृग लागायच्या आत येऊन घेऊन जावं. पैसे नकोत, एक मूठ न्यायची आणि दिवाळीनंतर दोन मुठी परत आणून द्यायच्या. काशीफळाचंही थोडं आहे, पण ते नेणाऱ्यानं शेजारी भोपळ्याचा दुसरा वाण लावू नये, बी बिघडतं.